सेकंदाचा पन्नासावा हिस्सा

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं,
बाबगोंडा मगदूम घड्याळं दुरुस्त करायचा
आणि घड्याळं नसली की कॅमेरे.
त्याला दोन्ही सारखेच:
स्प्रिंग, दाते, आणि आत कुठंतरी अडकलेली तपकीर.

मी त्याची पुतणी. पितळी चिमटा कसा धरायचा
हे मला त्यानं शिकवलं, शाळेतल्या बाईंनी पेन शिकवलं
त्यापेक्षा पुष्कळ नीट.

याशिकाच्या शटरच्या कडेला नखाएवढी कळ असते.
"बघ की," तो म्हणायचा,
"बल्ब म्हंजे सासुरवाडीला आलेला जावई.
हाक मारली तरी अजून पायताण हुडकूलालाय.
म्हणून आधी हाक, मग दार. ही एमची खूण.
आणि हा नवा बॅटरीचा फ्लॅश,
हाक तोंडात असतानाच दारात हजर.
त्याला एक्स. दार सताड उघडलं की मगच हाक."
मधे किती वेळ, काका?
"सेकंदाचा पन्नासावा हिस्सा.
तेवढ्यात तुझी पापणीसुद्धा हलत न्हाई."

चौऱ्याहत्तर साली तंगेव्वाचं लग्न झालं, नवरा सदलग्याचा.
फोटोला दस्तगीर,
कोल्हापूरहून भाड्यानं आणलेला फ्लॅश खांद्याला लावून.
कॅमेरा आदल्याच दिवशी आमच्याकडून गेलेला,
बल्बवर तपासून. कळ एमवर.
ती मागं सरकवायची राहिली.

बारा वेळा मांडव उजळला.
बारा वेळा पोरं ओरडली.

रात्री हायपोतून रोल वर आला तो धुतलेल्या काचेसारखा.
हाक गेली होती, पाहुणा आला होता,
दार बंद बघून परत गेला होता, बाराही वेळा.
दस्तगीर सकाळी आला. बोलला काही नाही.
रोल खिडकीत धरला फक्त.
त्यातून समोरची कानडी पाटी स्वच्छ वाचता येत होती,
तिच्या खालच्या मराठी ओळीवर
कुणीतरी फासलेलं डांबरही.

आठव्या दिवशी काका स्वतः सदलग्याला गेला,
धोतराच्या फडक्यात सात बल्ब गुंडाळून. मी बरोबर.
शालू नेसवला, फेटा बांधला.
हार मात्र खुंटीवर वाळून गेलेला.
सासू नवा आणायला निघाली तर तंगेव्वाच म्हणाली,
"इरली. ह्योच घालतो."

काकानं बल्बचं बूड जिभेवर ओलं केलं.
तार नीट खोचली. शटरकडं बघितलं.
कळ तिथंच होती, एमवर.
ह्या खेपेला ती बरोबर होती.

तो फोटो मी नंतर कितीदा पाहिला.
नवरदेव बल्बकडं बघतोय, ती नाही.
वाळक्या हाराची फुलं कागदासारखी उभी,
आणि तिच्या हातांवर हळद,
पण बोटांच्या टोकांना
आठ दिवसांच्या विड्यांचा काळा रंग चढलेला.
लग्नाच्या दिवशीच्या फोटोत हे आलं नसतं.
काकाला मी हे सांगितलं तेव्हा तो चिडला.
"चूक ती चूक. तिला फुलं लावू नको."
फोटोचे पैसे त्यानं घेतले नाहीत. बल्बचेही नाहीत.

जळलेला एक बल्ब माझ्या खणात आहे,
दुधाळ, फोड आलेला,
कानाशी हलवला की आत राख किणकिणते.

आता बाकावर मी असते.
दुकानात मांडायला म्हणून जुने कॅमेरे घेऊन पोरं येतात,
क्वचित एखादा खरंच विचारतो, चालेल का?
मग पाठ उघडते, रोल नाही,
मागून डोळा लावते,
फ्लॅश चुन्याच्या भिंतीकडं करून चाप दाबते.
पुरा गोल दिसला तर जुळलं.
काहीच दिसलं नाही तर पुन्हा चिमटा.

जुळलं की पुढं थोडा वेळ
हिरवा ठिपका तरंगत राहतो,
बाकावर, पोराच्या तोंडावर, समोरच्या पाटीवर,
आणि तो जिथं जाईल तिथलं काही दिसत नाही.
पोरगं पैसे पुढं करतं.
स्वल्प थांब, म्हणते मी.
दिसू दे.